कोठार आणि किल्ली : भीमथडीच्या मुलखातील अन्नसाठ्यांचा इतिहास

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडले की भांडगाव लागते. दौंड तालुक्यातले हे गाव. आज या भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा दिसतो. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला सांगितले की हा मुलूख दुष्काळाचा, तर त्याला ते खरे वाटणार नाही. पण सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा उरलासुरला वाटा ज्यांच्या नशिबी येतो, त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातच शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर हे तालुके मोडतात. जुन्या कागदपत्रांत दौंडचा हा भाग भीमथडी या नावाने येतो. भीमथडीची तट्टे इतिहासात गाजली, आणि भीमथडीचे दुष्काळही.

ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही, तिथे धान्य साठवण्याची कला आपोआप विकसित होते. या भागातल्या जुन्या घरांत ज्वारी साठवण्याचे तीन प्रकार असत. शेणामातीने सारवलेली बांबूची किंवा तुरकाठ्यांची कणगी, भिंतीत बांधून काढलेले बळद, आणि जमिनीत खोल खणलेले पेव. पेवाचे तोंड अरुंद, पोट मोठे. आतून कडबा लावायचा, धान्य भरायचे, वरून तोंड लिंपून टाकायचे. नीट भरलेल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिके. उघडताना मात्र सावधगिरी लागे, कारण बंद पेवात कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरे. तोंड उघडून काही वेळ थांबायचे, दिवा आत सोडून पाहायचा, मगच माणसाने उतरायचे. एखाद्या गोष्टीचा एकदम सुकाळ झाला की आपण ‘पेव फुटले’ असे म्हणतो, तो शब्द याच जमिनीखालच्या कोठारातून आपल्या बोलण्यात आला.

पेव ज्याच्या वाड्यात, त्याचा शब्द गावात चाले. दुष्काळात पाटील-सावकाराचे पेव उघडले तर गाव जगे, नाही उघडले तर गाव उठून जाई. धान्य होते की नव्हते, हा प्रश्न नेहमीच दुसरा असे. पहिला प्रश्न असे तो किल्ली कोणाकडे आहे हा. इतिहासातल्या मोठ्या कोठारांकडे पाहतानाही आम्हाला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कोठार किती मोठे होते याची नोंद इतिहासकार करतात. ते वेळेवर उघडले का, आणि उघडले तर कोणासाठी, हे मात्र आपण शोधून काढावे लागते.

मदिना ते दिल्ली

अन्नसाठ्याची पहिली मोठी कथा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या बादशहाला सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसासकट राखून ठेवायला सांगितले आणि दुष्काळाची सात वर्षे त्यावर निभावली. या कथेचा एक भाग आपण फारसा लक्षात घेत नाही. हजरत यूसुफ (अ.) यांनी नुसता सल्ला दिला नाही, कोठारांचा कारभार आपल्या हाती द्यावा अशी मागणी त्यांनी स्वतःहून केली. साठा करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो विश्वासू हाती असणेही महत्त्वाचे, हा त्यातला बोध आहे.

दुसरे उदाहरण हिजरी सन १८ मधले, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमाराचे. हिजाझमध्ये पाऊस पडला नाही. जमीन राखेसारखी झाली म्हणून त्या वर्षाला अरबी इतिहासात राखेचे वर्ष म्हणतात. हजरत उमर (रजि.) यांनी सुभेदारांना पत्रे धाडली. मिसरहून हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी पाठवलेले धान्य समुद्रमार्गे मदिनेजवळच्या अल-जार बंदरात उतरू लागले. पीठ, सातू, खजूर आणि मनुका यांचे भांडार त्यांनी उभारले. त्याला दारुद्दकीक, म्हणजे पिठाचे घर, असे नाव होते. वाटसरू आणि अडलेले लोक त्यातून घेत. बंदरावरच्या कोठारातून कोणाला किती धान्य मिळायचे याच्या शिक्कामोर्तब केलेल्या चिठ्ठ्या लोकांना दिल्या गेल्या, असे इतिहासकार याकूबी नोंदवतो. आजच्या शिधापत्रिकेची ही सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची बहीण म्हणायला हरकत नाही. एका भीक मागणाऱ्या वृद्ध ज्यूला पाहून हजरत उमर (रजि.) यांनी बैतुलमालमधून त्याची सोय लावून दिली, ही हकीकत इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये आहे. म्हणजे किल्ली कोणाकडे आणि दार कोणासाठी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या काळात दिली गेली होती.

पण सत्ता पसरली तशी उत्तरे बदलत गेली. अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत सरकारी कोठारे भरली. दोआबातला सारा धान्यरूपाने घेतला, बाजारावर शहना नेमला, भाव बांधून दिले. पाऊस हुकला तरी दिल्लीत भाव चढला नाही, टंचाईत मोहल्ल्यागणिक दुकानदारांना रोजचे धान्य ठरवून दिले जाई, असे बरनी लिहितो. त्याच बरनीच्या ग्रंथात हेही आहे की हा गल्ला जमवण्यासाठी शेतकऱ्याकडून निम्मे पीक वसूल होत असे. शहराचे कोठार भरण्यासाठी खेड्याची कणगी रिती झाली. इब्न बतूताने चौदाव्या शतकात दिल्लीच्या तटातल्या कोठारांतून काढलेला तांदूळ पाहिला. तो बलबनच्या काळात भरलेला होता, रंगाने काळा पडला होता, पण चवीला चांगला होता, असे तो सांगतो. दुष्काळ पडला तेव्हा मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना सहा महिन्यांचे धान्य देवविले, हेही त्यानेच लिहून ठेवले. दोआबातल्या गावांचे त्या वर्षांत जे झाले, ते मात्र सुखाचे नव्हते.

दख्खनचे दोन दाखले

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये लागोपाठ दुष्काळ पडले. लोकस्मृतीत दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जो भीषण काळ राहिला, तो याच सुमाराचा. ग्रँट डफ त्याची सुरुवात १३९६ ची देतो आणि तो बारा वर्षे टिकला म्हणतो. त्याआधीच्या टंचाईत बहामनी गादीवर दुसरा मुहम्मद शाह होता (१३७८ ते १३९७). त्याने दरबारी वाहतुकीचे बैल दुष्काळी कामाला जुंपले. माळवा आणि गुजरातेत पीक बरे होते. तिथून हे बैल सतत धान्य आणत राहिले आणि ते दख्खनमध्ये स्वस्त दराने विकले गेले. बैलांची संख्या कोणी हजार देतो, कोणी दहा हजार. गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा ठिकाणी त्याने अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या. तिथे मुलांना शिकवले जाई, शिवाय राहण्या-जेवण्याचा खर्च सरकार करी. आम्ही शिक्षक असल्यामुळे ही नोंद आम्हाला विशेष जवळची वाटते. शाळा आणि जेवण यांची सांगड दख्खनमध्ये सहाशे वर्षांपूर्वी घातली गेली होती.

आपल्या सभा-संमेलनांतून बहामनी सुलतानांचा असा गौरव होतो, आणि तो व्हावाही. पण इतिहासाचे शिक्षण देणाऱ्याने अर्धे सांगून थांबू नये. सर वूल्सली हेग यांनी हीच हकीकत देताना लिहिले आहे की हे स्वस्त धान्य फक्त मुसलमानांना विकले जात होते. हेग इंग्रज होते, त्यांची दृष्टी साम्राज्याची होती, हे मान्य. तरीही ही नोंद बाजूला सारून पुढे जाणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दुष्काळ घराचा धर्म पाहून शिरत नाही. मग आलेले धान्य धर्म पाहून वाटले गेले असेल, तर त्या कारभाराचा तो दोषच होता, असे म्हणायला आपली जीभ अडखळू नये. दुसऱ्यांच्या पूर्वजांचे दोष मोजताना आपण जी फूटपट्टी वापरतो, तीच इथेही लावली पाहिजे.

दुसरा दाखला त्याच बहामनी राज्यातला आहे, आणि तो भीमेच्या खोऱ्यातला आहे. भीमा दौंडवरून वाहते, पुढे पंढरपूर गाठते. तिथून मंगळवेढा जवळच. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याला दामाजीपंत हे बहामनी सुलतानाचे अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसे मरू लागली, आणि सरकारी कोठार भरलेले होते. दामाजींनी वरून हुकूम येण्याची वाट पाहिली नाही. कोठार उघडले आणि ब्राह्मणापासून महारापर्यंत सर्वांना धान्य वाटले. पुढची कथा महिपतींच्या ‘भक्तिविजया’ने घरोघरी पोहोचवली. बीदरला बोलावणे आले, दामाजी निघाले, आणि ते पोहोचण्यापूर्वीच विठू महार नावाचा एक माणूस बीदरच्या दरबारात धान्याची किंमत भरून पावती घेऊन गेला. तो विठू महार म्हणजे प्रत्यक्ष विठ्ठल, ही भक्तांची श्रद्धा.

या कथेतल्या चमत्काराबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. त्यातला व्यवहार मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. कोठारातले धान्य हा साऱ्याचा ऐवज होता. त्याची किंमत खजिन्यात भरल्याशिवाय प्रकरण मिटत नव्हते. उपाशी माणसाच्या पोटात गेलेला दाणा हिशेबाच्या वहीत तूट म्हणून लिहिला जात होता. कथा रचणाऱ्या समाजाला हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्याने देवाला पाठवले तेही रक्कम भरायला. आणि देवाला रूप दिले ते गावकुसाबाहेरच्या माणसाचे. कोठारावर सर्वांत शेवटचा हक्क ज्याचा समजला जाई, त्याच्याच हाती पावती दिली. मुसलमान सुलतान, ब्राह्मण अधिकारी, महाराच्या रूपातला देव आणि सर्व जातींचे भुकेले लोक असे सारे एका गोष्टीत आणणारी ही कथा महाराष्ट्राच्या सामायिक इतिहासाचा मोठा ठेवा आहे.

लष्कराची कोठारे

मोठी कोठारे बहुतेक वेळा भुकेल्यांसाठी बांधलेली नसतातच. पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती अशा नावांची प्रचंड अंबारखान्याची इमारत आहे. ती वेढ्यात अडकलेल्या शिबंदीसाठी होती. आपल्या दौंडपासून जवळच भीमेकाठी पेडगाव आहे. तिथे १६७२ च्या सुमारास बहादूरखान कोकलताशने बहादूरगड बांधला आणि पुढे कित्येक वर्षे ते दख्खनमधले मोगलांचे महत्त्वाचे ठाणे राहिले. तिथे जमणारी रसद सैन्याची. भोवतालच्या गावांनी ती पुरवायची, मग त्यांच्या घरी दाणा उरो न उरो.

१६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खन आणि गुजरातेत फार भयंकर होता. शहाजहान त्या वेळी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’त नोंद आहे की बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत भागांत लंगर उघडले गेले आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार एक लाख रुपये गरिबांत वाटले गेले. सारासूटही मिळाली. हे खरे. पण ज्या वाटेने बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणत होते, ती वाट आधी शाही छावणीकडे जात होती, हेही तितकेच खरे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी त्या वाटेवरची प्रेते पाहत गेला. लंगराची कढई शहरात शिजत होती आणि धान्य पिकवणारी खेडी ओस पडत होती.

रेल्वे आली, धान्य आले, पण...

इंग्रजांच्या काळात चित्र बदलेल असे वाटले होते. रेल्वे आल्यावर एका प्रांतातले धान्य दुसऱ्या प्रांतात दोन दिवसांत पोहोचू लागले. दौंडवरून रूळ सोलापूरकडे १८६० पर्यंत गेले होते. तरीही १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात याच पट्ट्यात माणसे मेली. धान्य बाजारात होते. ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. सरकारने धान्य विकत घेऊन साठवायचे नाही, व्यापाऱ्याच्या वाटेत यायचे नाही, हे तेव्हाचे धोरण. त्याच वर्षांत भारतातला गहू बोटींत भरून विलायतेला जात होता.

सरकारने दुष्काळी कामे काढली. यवत-पाटस भागातला माटोबा तलाव याच कामांतला. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग याच काळात उभा राहिला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल आले आणि त्यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा इतक्यावर आणण्याचा आग्रह धरला. दिवसभर दगड फोडणाऱ्याला एवढ्यावर जगायचे होते. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी याविरुद्ध काम सोडले. त्यांची संख्या लाखावर गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. किती धान्याने माणूस जगतो, हा प्रश्न उपाशी माणसांनी स्वतः विचारण्याची आपल्या इतिहासातली ही ठळक वेळ आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. त्यामागे या मजुरांचाही हात होता, असे आम्ही मानतो.

भांडगावाजवळच केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या आणि मुक्ती सदन वाढवले. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे राहत होती. रमाबाईंच्या धर्मांतरावरून झालेल्या वादांत आम्ही पडत नाही. आम्हाला एवढेच दिसते की माळरानावर, विहिरी खणून, शेती करून, दीड हजार ताटे रोज भरण्याची व्यवस्था एका बाईने उभी केली. कोठार, विहीर, शेत आणि शाळा एका आवारात ठेवली, म्हणून ती टिकली.

रेशनपासून सुकडीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि सरकारला आपले जुने धोरण सोडावे लागले. मुंबईत २ मे १९४३ पासून रेशन सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये जी लाखो माणसे मेली, त्यांच्याशी तुलना केली की वेळेवर उघडलेल्या कोठाराची किंमत कळते. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि आपल्या राज्यात राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले. ज्या मनमाडपर्यंत दुष्काळी मजुरांनी रूळ टाकले, तिथे महामंडळाचे देशातल्या मोठ्या कोठारांपैकी एक कोठार आहे. पुण्याजवळ फुरसुंगीलाही महामंडळाची गोदामे आहेत. उपाशी हातांनी घातलेल्या रुळांवरून पुढे धान्याच्या वाघिणी धावल्या.

१९७२ चा दुष्काळ या सगळ्याची परीक्षा होती. शिरूर-दौंडच्या घराघरांत त्याच्या आठवणी आहेत. अमेरिकेहून आलेला लाल मिलो, रेशन दुकानापुढच्या रांगा, खडी फोडण्याची कामे, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. सुकडी मोठ्या स्वयंपाकघरांतून तयार होऊन पोत्यांतून कामाच्या ठिकाणी जाई. चव फारशी नसे, पण लेकरे जगली. त्या कामांवर सगळ्या जातींची आणि धर्मांची माणसे एकाच रांगेत बसून एकच सुकडी खात होती. या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पक्की झाली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. दान म्हणून मिळणारे धान्य आणि हक्क म्हणून मिळणारे काम यांतला फरक या राज्याने देशाला दाखवला.

शाळेच्या दारातले पोते

१९९५ मध्ये केंद्राने प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहार योजना सुरू केली. तेव्हा आपल्याकडे हजेरीनुसार महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. २००१ मध्ये देशात विचित्र अवस्था आली. अन्न महामंडळाच्या कोठारांत सहा कोटी टनांच्या आसपास धान्य पडून होते, ताडपत्रीखाली कुजत होते, आणि काही राज्यांतून भूकबळींच्या बातम्या येत होत्या. लोकाधिकार संघटना, म्हणजे पीयूसीएल, सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले जेवण देणे सर्व राज्यांवर बंधनकारक झाले. दामाजीपंतांच्या काळात एका अधिकाऱ्याने जीव धोक्यात घालून जे केले, ते या वेळी न्यायालयाने हुकूम करून करायला लावले. २०१३ मध्ये अन्न सुरक्षा कायदा आला आणि मुलाच्या ताटातल्या खिचडीला कायद्याचा आधार मिळाला.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या शाळेच्या दाराशी जे तांदळाचे पोते उतरते, त्याच्या मागे ही सारी साखळी आहे. कुठल्या तरी राज्यातल्या शेतकऱ्याने पिकवलेले भात, गिरणी, अन्न महामंडळाचे गोदाम, पुरवठादाराचा ट्रक, शाळेची खोली, बचत गटातल्या बायांची चूल. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हे प्रमाण आम्हाला पाठ आहे. आवक, वापर, शिल्लक यांची वही आम्हीच भरतो आणि मुलांना वाढण्याआधी खिचडीची चव आम्हीच घेतो. या कामाचा शिक्षकांना ताप होतो, शिकवण्याचा वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. पुरवठा लांबला की गोदामात माल असूनही शाळेत चूल पेटत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. बाई तांदळाची वाट पाहत बसते आणि मुले घंटेकडे कान लावून बसतात. अशा दिवशी दुपारनंतरच्या तासाला वर्गात जे दिसते, ते कोणत्याही अहवालात येत नाही. हातावर पोट असलेल्या घरांतली आमची कितीतरी मुले सकाळी फक्त चहात बुडवलेल्या पावावर येतात.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा तांदूळ आणि कडधान्य पालकांना घरपोच किंवा शाळेत बोलावून दिले गेले. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले. जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षेखालचे धान्यच मोफत झाले आहे. पण ज्यांच्याकडे शिधापत्रिका नाही, ज्यांचे नाव कार्डावर चढलेले नाही, ज्यांच्या बोटाचा ठसा यंत्रावर उमटत नाही, त्यांच्यासाठी भरलेले कोठार आजही बंदच आहे. पूर्वी किल्ली सुभेदाराच्या कमरेला असे. आता ती कागदात आणि यंत्रात आहे. म्हणून कागद नीट करून घेणे हे आज पेव खणण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. आपल्या वस्त्यांमधल्या शिकलेल्या तरुणांनी शिधापत्रिकेत नावे चढवून देण्याचे काम अंगावर घेतले, तर तो मोठा सदका होईल.

आपण काय करू शकतो

अमेरिकेत १९६७ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली. दुकानांत आणि शेतांत वाया जाणारे अन्न एका गोदामात जमवायचे आणि तिथून गरिबांना जेवण देणाऱ्या छोट्या संस्थांना पुरवायचे, ही तिची रीत. आज तिथे विभागवार मोठी गोदामे आहेत आणि त्यांच्यावर हजारो छोटी स्वयंपाकघरे चालतात. आपल्याकडे २०१५ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुस्लिम कार्यकर्त्यांनी रोटी बँक सुरू केली. घरोघरच्या भाकरी-पोळ्या जमवायच्या आणि ज्याला भूक आहे त्याला, नाव-गाव न विचारता, द्यायच्या.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. फितरा मुळात धान्यातच काढला जात असे. गहू, जव, खजूर, मनुका. ईदच्या नमाजाआधी तो गरिबाच्या घरी पोहोचला पाहिजे, म्हणजे वेळेची अटसुद्धा त्यात आहे. साठेबाजीला, ज्याला इहतिकार म्हणतात, आपल्या फिकहने निषिद्ध ठरवले. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, पण नफ्ली सदक्याला धर्माची अट नाही. आज मात्र आपला फितरा आणि सदका रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एकदम वाटला जातो. एका घरात चार किट पोहोचतात, शेजारच्या विधवेकडे एकही नाही. शव्वाल सुरू झाला की अकरा महिने काही नाही. तालुक्याच्या गावी मशिदीच्या किंवा जमातीच्या एखाद्या खोलीत वर्षभर चालणारे छोटे कोठार ठेवणे अवघड नाही. आवक-जावकेची वही उघडी असावी, किल्ली एकाकडे नसावी आणि दार सर्वांसाठी असावे. हिशेब ठेवायला शिक्षक हवे असतील तर आम्हाला सवय आहे.

आणि शिकायचे असेल तर यवत जवळच आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी यवतला मुक्कामी येते आणि मग याच रस्त्याने वरवंडकडे निघते. यवतच्या मुक्कामात वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते. पिठलं मोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी घराघरांतून थापून येतात. हजारो माणसांच्या त्या जेवणाला एकच मोठे गोदाम लागत नाही. प्रत्येक घराची कणगी थोडी थोडी उघडते, एवढेच. आपल्या मोहल्ल्यातल्या घरांनी महिन्याला मूठभर तांदूळ बाजूला काढला आणि तो एका खोलीत जमा केला, तर तशीच सुरुवात होऊ शकेल. त्या खोलीची पहिली वही येत्या मुहर्रमपासून उघडावी, अशी आमची आपल्या सर्वांना विनंती आहे.